भूमध्य समुद्र, मुक्काम पोस्ट मानवत

वालूरकर सरांबरोबर चहा प्यायचा म्हणजे उभ्याने प्यायचा, आणि तोही अर्धाच. उरलेला अर्धा ते टेबलावर ओतायचे आणि बोटाने पसरवून त्याचा भूमध्य समुद्र करायचे. "हा बघा मॅडम, इटलीचा पाय. हे इकडं कार्थेज. आणि तुमची बशी उचला जरा, तिथं इजिप्त आहे." कॉलेजसमोरचा हॉटेलवाला फडकं घेऊन उभा असायचा, पण इजिप्त संपेपर्यंत पुसायची त्याची हिंमत नव्हती. भजी आली की तीही त्या चहात जागच्या जागी मांडली जायची. एक सिसिली, एक क्रीट, एक सायप्रस. सायप्रस माझ्या वाट्याला यायचं आणि ते नेहमी गार झालेलं असायचं, कारण तिथपर्यंत पोचायला सरांना फार वेळ लागायचा.

मी भूगोलाची, ते इतिहासाचे. मानवतच्या कॉलेजात मी रुजू झाले त्या दिवशी मस्टरवर सही करत होते, तर शेजारी एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. उभा कसला, पाय बदलत होता. ना नाव, ना गाव, एकदम म्हणाला, "मॅडम, उन्हाळ्यात इजिप्तहून रोमला गलबत निघालं तर वारा कुठून?"

मला वाटलं, ही काय मुलाखत अजून चालूच आहे की काय! म्हटलं, "वायव्येकडून. तोंडावरच येणार."

"म्हणजे उलटा!" त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की शाईचा पॅड उडाला. "म्हणजे इजिप्तची इसिस देवी उलट्या वाऱ्यानं रोमला गेली! धान्याच्या गलबतातून, खलाशांच्या बोचक्यात बसून. आणि ही पुस्तकं म्हणतात, धर्म राजे पसरवतात. फिजूल बात!" एवढं बोलून ते निघून गेले. मी सही अर्धी टाकून बघत राहिले. शिपाई म्हणाला, "वालूरकर सर हायेत. लय चांगलं माणूस हाय, फक्त बसत न्हाई."

खरंच बसायचे नाहीत. तास सुरू व्हायचा वर्गात आणि संपायचा कुठेही. बोलता बोलता दारातून बाहेर पडायचे, व्हरांडा ओलांडायचे, आणि मागोमाग पोरं. एकदा मी माझ्या वर्गात पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवत होते, तर त्यांची सगळी वरात माझ्या खिडकीवरून गेली आणि माझीही निम्मी पोरं त्यात सामील झाली. इतकी चिडले मी! पोरं त्यांना मागे 'भूमध्य' म्हणायची. 'भूमध्य आला', 'भूमध्य आज रजेवर'. अभ्यासक्रमात त्या समुद्राकाठच्या धर्मांना जेमतेम दीड पान होतं. सर त्यात अख्खं सत्र घालवायचे आणि फ्रेंच राज्यक्रांती शेवटच्या आठवड्यात उरकायचे. आमच्या पोरांना राजाचं डोकं उडालेलं आणि परीक्षेचा फॉर्म एकदमच कळायचा.

सर एक पुस्तक लिहीत होते. मराठीत. ग्रीक, ज्यू, इजिप्शियन, सीरियन, रोमन, मग ख्रिस्ती, मग मुसलमान; एकाच पाण्याभोवती राहिलेली ही माणसं स्वतःला कोण म्हणवत होती, कुणाच्या देवापुढे वाकत होती आणि वाकूनही स्वतःची कशी राहत होती, हा त्यांचा विषय. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. मुंबईलासुद्धा गेले नव्हते. पण त्यांचा एक नियम होता. तिकडची जी गोष्ट पुस्तकात घालायची, तिच्यासारखं काहीतरी मानवतहून एस.टी.च्या एका तिकिटात डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर आपल्याला ती कळलीच नाही, असं धरायचं. एका धर्माची आई आपलं पोर दुसऱ्याच धर्माच्या संताच्या पायावर घालते असं कुठल्या बेटाबद्दल वाचलं, की हे परभणीच्या उरुसात दिवसभर बायकांच्या रांगेशेजारी उभे. रोमन घरांत चुलीजवळ देव असत असं वाचलं, की लोकांच्या स्वयंपाकघरांत डोकावायला तयार. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायच्या. "अहो, देवळी बघायची तर आपल्या घरात बघा की! शेजारच्यांच्या घरात काय शिरता!"

चुडाव्याची गोष्ट तर आमच्या स्टाफरूममध्ये अजून सांगतात. आम्ही दोघं पेपर तपासणीसाठी रेल्वेने नांदेडला निघालो होतो. समोर एक गृहस्थ बसले होते, गप्पिष्ट. ते सहज म्हणाले, "नाव कळलं की माणूस कळतो बघा." झालं! सर ताडकन उठले. "गलत! माल्टा बेटावर एक दगड सापडलाय. दोन भावांनी देवाला वाहिलेला. एकच मजकूर, वर फिनिशियनमध्ये, खाली ग्रीकमध्ये. वर त्या भावांची नावं वेगळी, खाली वेगळी. आणि देवाचंही नाव वर एक, खाली दुसरंच. आता सांगा, ते भाऊ कोण होते?" गृहस्थ म्हणाले, "माल्टाचे होते." सर म्हणाले, "तुम्ही बरोबर आहात, पण कारण चुकलं." पूर्णा गेलं तरी कारण चालूच. चुडावा आलं. गृहस्थांचं गाव ते, त्यांनी पिशवी उचलली आणि उतरले. सरही उतरले! गाडी हलली तेव्हा फलाटावर दोघं हातवारे करताना दिसले, आणि मी उत्तरपत्रिकांच्या दोन गठ्ठ्यांसह एकटी नांदेडला. नंतर विचारलं तर म्हणाले, "जेवूनच आलो त्यांच्याकडे. फार समजूतदार माणूस. पटलं नाही शेवटपर्यंत, पण वाढलं व्यवस्थित."

अशा माणसाचा राग किती वेळ धरणार?

आता मुख्य गोष्टीकडे येते. वालूरच्या पुढे एक गाव आहे, नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथं चिंचेखाली एक लहानसा दर्गा. मुसलमान म्हणतात चिंचवाले बाबा, हिंदू म्हणतात चिंचोबा. उरुसाच्या दिवशी मुजावर हुसेनभाईंच्या घरून संदलाचं ताट निघतं, म्हणजे उगाळलेलं चंदन. किसनराव पाटलांच्या घरून मलिद्याची परात निघते. दोन्ही मिरवणुका चिंचेपाशी भेटतात आणि मग दारात पिढ्यान् पिढ्या एकच नाटक होतं. दार अरुंद, एकालाच जाता येतं. पाटील म्हणतात, "तुमी आधी." हुसेनभाई म्हणतात, "न्हाई पाटील, पहले आप." एवढा वेळ चालायचं ते, की वाजवणारे दमून थांबायचे. शेवटी मागून कुणीतरी ढकलायचं आणि जो आत पडेल तो पडेल.

सर वालूरचेच, तिथल्या पुजाऱ्याचे चिरंजीव. हा दर्गा लहानपणापासून पाहिलेला. त्यांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण ह्या दारापासून सुरू होत होतं. पुण्याच्या एका प्रकाशकाने पुस्तक घ्यायचं कबूल केलं होतं, आणि सर त्या आनंदात एवढे उतावीळ, की त्या प्रकरणाचा तुकडा त्यांनी एका स्थानिक दैनिकाला देऊन टाकला. सिसिलीत सिरॅक्यूज गावी चर्चच्या भिंतीत जुन्या ग्रीक देवळाचे खांब आजही दिसतात, देव बदलले पण जागा तीच राहिली, असं त्यात छान लिहिलं होतं. आणि त्याच ओघात पुढचं वाक्य : आपल्या चिंचवाल्या बाबांच्या दर्ग्यातही आतल्या भिंतीत जुन्या देवळाचा कोरीव दगड आहे.

सरांना म्हणायचं होतं की बघा, माणसं जागा सोडत नाहीत, एकमेकांत मुरतात. पण लेख कोण वाचतो? त्या एका वाक्याचा फोटो काढून लोकांनी मोबाईलवर फिरवला. चार दिवसांत गावातली निम्मी पोरं म्हणायला लागली, देऊळ होतं म्हणजे आमचंच आहे. उरलेली म्हणायला लागली, आमचं हिसकावून घ्यायला हा मास्तर पुढे केलाय. चिंचेखाली पोलिसांची जीप येऊन उभी राहिली. उरूस तोंडावर आलेला, आणि तहसीलमधून निरोप आला की वाद मिटला नाही तर परवानगी मिळणार नाही.

सरांच्या घरी रीघ लागली. एक टोळकं म्हणालं, "सर, तुमी दगडावर ठाम राहा, तुमच्या पुस्तकाचं प्रकाशन आमी दणक्यात करतो." दुसरं म्हणालं, "तुमच्याकडून कुणी लिहून घेतलं तेवढं सांगा, तुमच्या केसाला धक्का लागणार न्हाई." सर घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. वहिनी मला म्हणाल्या, "फरशी झिजली हो आमची! काहीतरी बोला त्यांच्याशी." मी काय बोलणार? मी विचारलं, "सर, दगड आहे ना पण?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या.

गावच्या शाळेत बैठक ठेवली. सर मला बरोबर घेऊन गेले. एस.टी.त पूर्ण वेळ दांडीला धरून उभे, जागा असताना. शाळेत गाव दोन बाजूंना बसलं होतं. मध्ये तहसीलदार, तरुण बाई होती. तिने फार काही आडवं-तिडवं विचारलं नाही.

"सर, तो दगड तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"नाही."



"मग फोटो वगैरे?"

"नाही. मी आत गेलोच नाही कधी. दारापर्यंत गेलोय, लहानपणापासून असंख्य वेळा. पण आत नाही. वडील पुजारी होते, त्यांचं सोवळं होतं. पुढं ते सोवळं सुटलं तर म्हटलं, अभ्यासकानं कुठल्याच देवाच्या आत जाऊ नये, बाहेरून बघावं."

"मग लिहिलं कसं?"

"तिकडं होता, म्हणून इकडंही असेल असं वाटलं. इतकं वाटलं की आहे असंच लिहून टाकलं. माझी चूक आहे. मला कुणी सांगितलेलं नाही, कुणी लिहून घेतलेलं नाही. ते वाक्य खोटं आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं एका तिकिटाचा नियम पाळलेला माणूस! डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्याचा तोरा. आणि जे अगदी दाराशी होतं तेच बघायचं राहिलं. तिकडचं वाचता वाचता त्यांना इकडचंही दिसायला लागलं होतं, न बघता.

मागून एक पोरगा हसला. दुसरा म्हणाला, "सर, आठवून बघा की नीट, कुनी तरी सांगितलं असंल." सर त्याच्यावर ओरडलेच, "अरे, नाही म्हणतोय ना!"

मग तहसीलदार बाई, पाटील आणि हुसेनभाई, तिघं बॅटरी घेऊन दर्ग्यात जाऊन आले. सर तेव्हाही गेले नाहीत. आत काय, भिंतींवर चुन्याचे थरावर थर. दगड असेल, नसेल, काहीच दिसत नव्हतं. एक पोरगा म्हणाला, "मग खरवडून बघू!" तर पाटील आणि हुसेनभाई एकाच दमात म्हणाले, "हात लावायचा न्हाई!" महिन्याभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते एवढंच. सर त्या वेळी शाळेच्या पायरीवर बसले होते. बसलेले! मला ते अजिबात बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, प्राध्यापकांची कबुली. कॉलेजात पोरं फळ्यावर दगडाचं चित्र काढून ठेवायची. पुण्याच्या प्रकाशकाने कळवलं की घाई नको, मजकूर पुन्हा तपासा. सर पुन्हा पहिल्या पानापासून बसले, म्हणजे उभे राहिले, आणि प्रत्येक वाक्यापाशी स्वतःलाच मोठ्याने विचारायला लागले, "हे तू बघितलंस का रे?" त्यांचं वजन उतरलं. चहा सांडायचे बंद झाले. हॉटेलवाल्यालाही करमेना. एकदा त्याने मुद्दाम बशीत जास्त चहा ओतून दिला, तरी सर नुसते बघत राहिले.

उरुसाला परवानगी मिळाली, पण अडचण निराळीच निघाली. एक दिवस स्टाफरूमच्या दारात पाटील आणि हुसेनभाई हजर. दोघं एकाच मोटारसायकलवर आले होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. पाटील म्हणाले, "सर, वाद मिटला. पण आता दारात आधी कोन जायचं? मी 'तुमी आधी' म्हनलं तर आमची पोरं म्हनत्यात, हक्क सोडला. ह्येनी म्हनलं तर ह्येंची पोरं म्हनत्यात. ह्या साली कुनीच म्हनायला तयार न्हाई."

"मग?"

"मग तुमीच चला म्होरं. तुमी लिवलं, तुमीच निस्तरा. संदलाचं ताट तुमच्या डोक्यावर."

सर खुर्चीला धडकले. "मी? अहो पाटील, मी कुठल्याच देवाला मानत नाही!"

"तेच तर पायजे. मानणारा म्होरं गेला की कुनाचा हाय ते इचारत्यात."

हुसेनभाई म्हणाले, "मास्तर, हमना नुसतं तुमचं डोकं पायजे. मन तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? आत काय आहे ते बघायचं राहिलंय ना तुमचं? जा की!" जरा फटकन बोलले, पण बोलले.

गेले. मी आणि वहिनी बघायला गेलो होतो. डोक्यावर फुलांनी झाकलेलं ताट, पांढरा रुमाल, आणि चाल मात्र तीच. मिरवणूक मागे राहिली, हे एकटेच पुढे. वाजवणारे पळायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ सर, दमानं! संदल हाय, टपाल न्हाई!" वहिनी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना धरावं लागलं. सर दारात क्षणभर घुटमळले आणि वाकून आत गेले. त्यांच्या मागून कोण आधी गेलं याकडे कुणी लक्षच दिलं नाही. बाहेर आले तेव्हा कपाळावर चंदनाची बोटं. मी विचारलं, "काय दिसलं?" म्हणाले, "माणसं. फार गर्दी आहे हो आत." आणि परातीतला मलिदा उभ्याउभ्या मूठ भरून खाल्ला.

पुस्तक अजून आलेलं नाही. पहिलं प्रकरण त्यांनी पार बदललं. आता ते त्या न पाहिलेल्या दगडावरच आहे. अभ्यासकाला दगड कसा दिसायला लागतो, त्यावर. मला वाचून दाखवलं. माझ्या मते आधीच्यापेक्षा कितीतरी चांगलं झालंय. प्रकाशकाचं मत मला ठाऊक नाही.

यंदाच्या उरुसाला मी पुन्हा गेले. सर आता निवृत्त झालेत. साध्या शर्टात चिंचेखाली फेऱ्या मारत होते, ताट यायचं होतं. शेजारी त्याच गावचा एक तरुण, पुण्याच्या कुठल्या कंपनीत असतो म्हणे, परभणीहून आलेल्या पाहुण्यांना सगळं समजावून सांगत होता. आम्ही ऐकत होतो.

"हितं संदलाचा पहिला मान मास्तराचा असतोय. हिंदू न्हाई, मुसलमान न्हाई, मास्तर. पार निजामाच्या काळापासनं. माझ्या पणज्याच्या आधीपासनं चालत आलंय."

सर गर्रकन वळले. "कोण म्हणतं? खोटंय ते! साफ खोटं!"

तरुणाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. समजुतीच्या स्वरात म्हणाला, "काका, तुमी भाईरचे दिसता. आमच्या गावचं आमाला म्हाईत हाय ना."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसाने सगळा जन्म परंपरा कशा तयार होतात ते शोधण्यात घालवला, त्याच्या डोळ्यांदेखत एक तयार झाली होती, आणि ती म्हणजे तो स्वतःच होता. ते तोंड उघडतायत तोवर हुसेनभाईंनी हाक मारली, "चलो मास्तर!" कुणीतरी डोक्याला रुमाल बांधला, ताट चढवलं, ताशा सुरू झाला. मागे दारापाशी पाटील आणि हुसेनभाईंचं चालू झालेलं मला ऐकू आलं, "तुमी आधी", "न्हाई, पहले आप." बायका पुढे होऊन सरांच्या पाया पडायला लागल्या. सरांना मान वळवता येईना, खाली बघता येईना. दोन्ही हातांनी ताट धरून ते जिवाच्या आकांताने ओरडत होते, "अहो, दुसरंच वर्ष आहे हे! ऐका! दुसरंच वर्ष!" ताशात एक शब्द कुणाला ऐकू जात नव्हता. लोक फुलं टाकत होते. सर वाकले आणि ओरडत ओरडतच आत गेले.